गाडी चाललीच नाही ना!

गॅरेजच्या मागच्या अंगणात जुने टायर कसे साचत जातात ते कुणाला कळत नाही. एक ठेवला, दुसरा ठेवला, आणि एक दिवस बघावं तर मागची भिंतच दिसत नाही. माझ्याकडचे किस्से असेच साचलेत. फरक एवढाच, की टायर न्यायला भंगारवाला येतो, किस्से न्यायला कुणी येत नाही. म्हणून चार माणसं भेटली की मी सुरू होते, आणि सांगता सांगता माझा आवाज चढत जातो. आधीच सांगून ठेवते, ऐकणाऱ्याला हसू येतं. मला मात्र राग येतो. खरंच येतो.

भंडाऱ्यात नागपूर रोडवर आमचं गॅरेज आहे. आमचं म्हणजे माझं आणि माझा धाकटा भाऊ विनोद याचं. तो गाडीखाली असतो, मी काउंटरवर. कोणती गाडी केव्हा आणायची, तिचा नंबर कधी लावायचा, कुणाला आठवण द्यायची, हे सगळं माझ्याकडे. नव्या गाड्यांची मला चिंता नसते, त्यांना कंपनीच मेसेजवर मेसेज पाठवते. माझं डोकं खातात त्या जुन्या गाड्या, आणि त्यातही जुन्या असून न चाललेल्या. या गाड्या वर्षभर ताडपत्रीखाली असतात. लग्न निघालं की निघतात, दसऱ्याला निघतात, परत आत जातात. अशा मालकांना मी वर्ष झालं की फोन करते. दादा, सर्व्हिसिंगचं वर्ष झालं, केव्हा आणता? मग माणूस लाखनीचा असो की कारध्याचा, उत्तर एकच.

"गाडी चाललीच नाही ना, बाई!"

अहो चालली नाही, पण वय झालं ना तिचं! इंजिनातलं ऑइल वर्षभरात खराब होतं, ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा ओढतं, बॅटरी उभ्या उभ्या मरते, रबर वाळतं. काम नाही म्हणून गोठ्यातला बैल खायचं सोडतो का? हे मी इतक्या वेळा बोलले आहे की विनोद म्हणतो, ताई, रेकॉर्ड करून ठेव आणि नुसतं लावून देत जा.

*

या सगळ्या माळेतले मेरुमणी म्हणजे सिहोऱ्याचे काटेखाये काका. पोस्टातून रिटायर झालेले, बोलायला गोड, गावात मान असलेले. यांनी लेकीच्या लग्नाच्या वर्षी पांढरी गाडी घेतली. त्या लेकीची लेक आता सातवीत आहे, पण काकांच्या लेखी गाडी अजून नवीच. किती किलोमीटर चालली ते कुणी न विचारताच ते सांगतात. आणि लोकही असे, की "एवढीच?" म्हणून तोंडात बोट घालतात. मग काय, काकांची छाती फुगते. न वापरलेल्या वस्तूचं इतकं कौतुक मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

मी त्यांना पहिल्यांदा फोन केला तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ऑइल, ब्रेक, बॅटरी, सगळं. मधे मधे ते "बरोबर, बरोबर" म्हणत होते. मला वाटलं, चला, या धंद्यात एक तरी समजूतदार माणूस भेटला! मी खुशीत येऊन विचारलं, मग कोणत्या वारी आणता? त्यावर काका तितक्याच गोड आवाजात बोलले.

"आणतो ना, कायले नाही आणत? पण सिहोऱ्याहून भंडाऱ्याले आणाची म्हणजे जाऊन-येऊन शंभराच्या वर किलोमीटर होतेत. सर्व्हिसिंगसाठी गाडी घासून टाकू का मी?"

मी फोन ठेवला आणि आधी पाणी प्यायले. विनोदने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, गाडी सर्व्हिसिंगने खराब होते असं आज समजलं.

*

दसऱ्याला आमचं गॅरेज बंद असतं. म्हणजे असायला पाहिजे. पण त्याच दिवशी जिल्ह्यातल्या सगळ्या ताडपत्र्या निघतात. गाडी धुतात, पुसतात, हळदीकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात, चाकांखाली लिंबू ठेवतात आणि मग मोठ्या थाटात किल्ली फिरवतात. गाडी नुसतं 'टक' म्हणते आणि गप्प होते. सणाच्या दिवशी सगळे सोनं वाटत फिरतात, आणि माझा भाऊ बॅटरीला जोडायची केबल गळ्यात घालून गावभर फिरतो.

कारध्याचे एक ग्राहक आहेत. चांगलं घर, चांगली माणसं, म्हणून नाव सांगत नाही. त्यांना मी श्रावणापासून सांगत होते, की गाडी बऱ्याच दिवसांची उभी आहे, बॅटरी तपासून घ्या. ते आपलं ठरलेलं वाक्य म्हणून मोकळे. दसऱ्याच्या दुपारी त्यांचा फोन आला, गाडी सुरूच होत नाही. मी विचारलं, केव्हापासून? तर म्हणे सकाळपासून. मग सकाळपासून काय करत होतात? तर घरात विचार चालला होता. आत्याबाई म्हणाल्या नजर लागली, म्हणून नजर काढली. मोठ्या भावाला शंका आली की नारळ नीट फुटला नाही, म्हणून दुसरा फोडला. तरी गाडी ढिम्म.

"मंग लिंबं बदलून पाहिली, ताई. चारही. तरी नाही झाली, म्हणून तुमाले फोन लावला."

म्हणजे आमचा नंबर लिंबांच्या नंतर! इतकी वर्षं मी फोनवर घसा कोरडा केला त्याचं हे फळ. विनोद नदीच्या पुलापलीकडे कारध्याला गेला, दुसरी बॅटरी टाकून दिली आणि येताना प्रसादाचं खोबरं घेऊन आला. मी रागाने खाल्लं नाही. संध्याकाळी खाल्लं.

*

आमच्याकडे लोक गाडीसाठी पोर्च बांधतात, आणि धान घरी आला की पोर्चमध्ये धानाची पोती रचतात. गाडी जाते बाहेर, तणसीच्या म्हणजे पेंढ्याच्या ढिगाला लागून. ही आमच्या भागाची रीतच आहे, आणि माणसाला आधी पोट हे मलाही कळतं. पण पोती पोर्चमध्ये गेली की उंदीरही येतात, आणि उंदराला उबदार, अंधारी, कुणी न हलवणारी जागा गाडीच्या बोनेटएवढी दुसरीकडे कुठे मिळणार?

लाखनीकडचे हेमराजभाऊ असेच एक ग्राहक. दिवाळी झाल्या झाल्या मी त्यांना फोनवर सांगितलं, भाऊ, आठवड्यातून एकदा गाडी सुरू करा, बोनेट उघडून पाहा आणि एकदा इकडे आणा. पालथ्या घड्यावर पाणी. थंडीत एका सकाळी ते आले ते ट्रॅक्टरला दोर बांधून, मागे गाडी.

विनोदने बोनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्यात भरभक्कम घरटं होतं. तणस, पोत्याचे धागे, कुणाच्या तरी लुगड्याची चिंधी आणि वर धानाच्या लोंब्या. वायर तर अशा कुरतडलेल्या, की विनोदने तिथेच डोक्याला हात लावला. मी हेमराजभाऊंकडे पाहत होते. मला वाटलं, आता तरी माणूस शरमेल. त्यांनी वाकून एक लोंबी उचलली, तळहातावर चोळली, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली धरला. त्यांचा चेहराच बदलला.

"हा माहा धान नोहोय. मी तं बारीक एचएमटी लावला. हा ठोकळ आहे, बाजूच्याचा."

मी म्हटलं, भाऊ, धान कुणाचा का असेना, वायर तर तुमच्या गाडीची आहे ना? पण ऐकतो कोण? त्यांनी आमच्या काउंटरसमोरूनच शेजाऱ्याला फोन लावला. तुझे उंदीर तुझ्याकडे जेवून माझ्या गाडीत झोपायला येतात, असं त्याला सुनावलं. हा विषय गावच्या तंटामुक्तीच्या बैठकीत ठेवणार म्हणून धमकी दिली, आणि विनोदला बजावलं, ही लोंबी फेकू नको, पुरावा आहे. ती लोंबी कितीतरी दिवस माझ्या काउंटरवर पडून होती. बैठकीत काय झालं ते मला माहीत नाही, पण गाडीची पुढची सर्व्हिसिंग अजून ठरायची आहे.

*

आता परत काटेखाये काकांकडे येते. कारण बाकीच्यांच्या गाड्या बंद पडल्या तर गाड्याच बंद पडल्या. इथे एका बाईचा जीव अडकलेला होता.

मागच्या वर्षी काकूंना हृदयाचा त्रास निघाला. दर महिन्याला नागपूरच्या डॉक्टरांना दाखवायला न्यायचं ठरलं. बसची दगदग नको म्हणून काकांनी गाडी काढली. चांगलं केलं. पण त्या गाडीचे चारही टायर लेकीच्या लग्नाच्या वर्षाचे! आणि त्या टायरवर, ट्रकांच्या मधून, आजारी बाईला घेऊन हायवेने जायचं? मला हे कळलं त्या दिवशी मी वहीत त्यांच्या नावापुढे लाल खूण केली.

बरं, नागपूरचा रस्ता आमच्याच दारावरून. त्यामुळे गाडी घासण्याची सबब संपली. मी फोन करकरून त्यांना एकदा थांबायला लावलंच. मे महिना होता. काका ऐटीत उतरले. काकू उतरल्या तर पाठीमागून पूर्ण घामेजलेल्या, कारण सीटवरचं शोरूमचं प्लास्टिक अजून तसंच होतं. मी म्हटलं, काकू, हे काढून का टाकत नाही? काकू कमी बोलतात. कापडी पिशवी सावरत हसल्या.

"यायले नवी वस्तू जपून ठेवाची आवड आहे, बाई. पोरीच्या लग्नातले बूट त्या एका दिवशी घातले, ते अजून डब्यात आहेत. घरात मीच तेवढी वापरात आहो."

तिकडे विनोद काकांना टायर दाखवत होता. बाजूने बारीक बारीक भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यात तलावाच्या गाळाला पडतात तशा. काकांनी वाकून पाहिलं आणि टायरच्या कडेला रबराचे जे बारीक केसासारखे तुकडे असतात त्यांच्यावर बोट फिरवलं. हे पण अजून गेले नाहीत, मग टायर जुना कसा, असं त्यांचं म्हणणं. विनोद म्हणाला, काका, केस राहिले पण कातडी गेली ना. त्यावर काकांनी चप्पल काढून पाय वर केला.

"भेगा तं माह्या टाचेले पण आहेत. मी चालून नाही राहिलो का?"

गॅरेजमध्ये होते तेवढे सगळे हसले. विनोदसुद्धा हसला! मला असा संताप आला म्हणून सांगू! मी म्हटलं, काका, टाच फाटली तर तुम्ही एकटे लंगडाल. टायर फाटला तर बाजूला काकू बसलेल्या असतात. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. पण मग घड्याळ पाहिलं, दवाखान्याची वेळ झाली म्हणाले. येताना फक्त इंजिनचं ऑइल बदलून घेतलं. टायर पुढच्या महिन्यात.

*

दुसऱ्यांना तरी किती बोलावं? दिव्याखाली अंधार असतो. आमच्या बाबांची जुनी गाडी गॅरेजच्या मागे उभी आहे. बाबा गेल्यापासून ती कुणी फारशी काढत नाही, पण विकवतही नाही. मी विनोदला सारखी म्हणते, अरे, एक दिवस हिच्यासाठी काढ. तो म्हणतो, ग्राहकाचं आधी. हेही खरंच, पण ग्राहक काही संपत नाहीत.

शेवटी एकदा माझी सटकली. विनोद माझ्या समोरच एका गाडीखाली झोपून काम करत होता. मी काउंटरवरून त्याच्या मोबाइलवर फोन लावला. त्याने न पाहताच उचलला. मी माझ्या फोनवरच्या आवाजात, अगदी अदबीने म्हटलं, नमस्कार दादा, आपल्या गाडीच्या सर्व्हिसिंगचं वर्ष होऊन गेलं आहे, केव्हा आणता? उत्तर फोनमधूनही आलं आणि गाडीखालूनही आलं.

"चाललीच नाही ना!"

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो कितीतरी वेळ गाडीखालून बाहेरच आला नाही.

*

काटेखाये काकांचा 'पुढचा महिना' आला आणि माझ्यासमोर सगळं पंचांग उलगडलं. आषाढात धानाची रोवणी, शेतावर बाया लावलेल्या, काकांना सवड नाही. श्रावणात शुभ काम करावं, पण सोमवारी नको, शनिवारी लोखंड-रबर नको. मग पोळा. पोळ्यानंतर पितृपक्ष, त्यात नवी वस्तू घेत नाहीत. मी म्हटलं, बरं, घटस्थापनेला घ्या. नवरात्रात काकूंचे उपास. दसऱ्याचा मुहूर्त उत्तम, पण त्या दिवशी आम्ही टायर मागवतो ते दुकान बंद. दिवाळी आली तर धान कापणीला आला. वर्षाच्या इतक्या दिवसांत टायर बदलायला एक दिवस नाही! मात्र त्याच टायरवर काकूंना घेऊन नागपूरला जायला दर महिन्याला मुहूर्त मिळत होता. मी एकदा फोनवर म्हटलंच, काका, टायर फुटताना पंचांग पाहत नाही. ते हसून म्हणाले, तू बहुतच बोलते, वंदना.

आणि दिवाळीनंतर तो फुटला.

काकूंना घेऊन ते नागपूरला निघाले होते. मौद्याच्या अलीकडून काकांचा फोन आला, म्हणे छोटंसं पंक्चर आहे, विनोदला पाठव. विनोद पोहोचला तर पंक्चर कसलं, टायरची एक बाजूच उकललेली. काका पेट्रोल वाचावं म्हणून गाडी हळू चालवतात, त्या सवयीने दोघं वाचले. विनोदने स्टेपनी काढली. तीही लग्नाच्या वर्षाची, तीही भेगाळलेली, आणि हवा नावालाही नाही. काकू रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसल्या होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी, आणि हातभर अंतरावरून ट्रक जात होते. दवाखान्याची वेळ टळली ती टळलीच.

विनोदने कसाबसा एक जुना टायर लावून गाडी आमच्याकडे आणली. मी काकूंना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, गोळी घ्यायला लावली. आणि मग मी काकांवर ओरडले. वयाने बापासारखा माणूस, गॅरेज माणसांनी भरलेलं, पण मला राहवलंच नाही. मी म्हटलं, तुम्हाला जपायचं कुणाला आहे? गाडीला की काकूंना?

काकांचा चेहरा लाल झाला. त्यांच्यावर असं कुणी कधी ओरडलं नसावं.

"पंक्चर तं नव्या गाडीले पण होते. तुमाले टायर विकाचे आहेत, तं तसं सरळ सांगा ना."

हे मला फार लागलं. काका म्हणाले, यापुढे गाडी दुसरीकडे दाखवीन, आणि जाऊन गाडीत बसले. काकू मात्र लगेच उठल्या नाहीत. पिशवीचे बंद नीट करत त्यांनी मला विचारलं, वापरलं नाही तरी रबर सडतं म्हणता, ते कोणतंही रबर का? मी म्हटलं, हो काकू, कोणतंही. ठेवल्या ठेवल्या वाळतं, वरून नवंच दिसतं. काकू "बरं" म्हणाल्या आणि हळूहळू चालत गाडीकडे गेल्या.

त्या दिवशी मी रडले. अपमानाने थोडी आणि भीतीने जास्त. हे आता आपल्याकडे यायचे नाहीत, आणि काकू त्याच फाटक्या टायरवर महिन्याच्या महिन्याला नागपूरला जात राहणार, हेच डोक्यात घोळत होतं.

*

त्यानंतर काकांनी माझा फोन उचलणं बंद केलं. थंडी पडली, शाळाशाळांतून गॅदरिंगं सुरू झाली. एका सकाळी मी शटर वर करते तर दारात पांढरी गाडी उभी. काका बाहेर उभे, काकू आत बसलेल्या. काकांची नजर जमिनीवर. नमस्कार नाही, खुशाली नाही.

"चारही टायर टाका. स्टेपनीचा पण. आन् ते ब्रेकचं ऑइल म्हणून राहिली होती ना तू, ते पण बदलवून टाक."

विनोदने माझ्याकडे पाहिलं, मी विनोदकडे. मी विचारलं, काका, काय झालं? काही नाही झालं, असं म्हणून ते तडक समोरच्या चहाच्या टपरीवर गेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले. मी काकूंना उतरवायला दार उघडलं, तर सीटवरचं प्लास्टिकही गायब!

काकूंना मी आत बाकावर बसवलं, चहा मागवला. काकांना विचारून काही फायदा नव्हता, म्हणून काकूंनाच विचारलं. त्या चहा फुंकत फुंकत सांगू लागल्या.

गावातल्या शाळेचं गॅदरिंग होतं आणि काका अध्यक्ष. मोठा मान. सकाळी कोट घालून तयार झाले, तेव्हा काकूंनी माळ्यावरचा डबा काढून दिला. म्हणाल्या, आज एवढ्या लोकांसमोर जाऊन राहिले, आज तरी ते चांगले बूट घाला. काका खूश. बूट काढले तर काळे कुळकुळीत, एक ओरखडा नाही. काकूंसोबत शाळेत गेल्यावर दोघातिघांनी विचारलंही, नवीन घेतले का? काकांनी प्रत्येकाला थांबवून सांगितलं, की लेकीच्या लग्नातले आहेत, एकदाच घातले, वस्तू जपली की अशी राहते. इतकं झाल्यावर त्यांना भाषणाला विषयच सापडला. वस्तूची किंमत आजच्या पोरांना नाही, यावर बोलतो म्हणून त्यांनी शेजारी बसलेल्या हेडमास्तरांना सांगूनही ठेवलं.

नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. काका उठले आणि स्टेजच्या पायऱ्या चढू लागले. पहिल्या पायरीवर डाव्या बुटाचा तळ राहिला. दुसऱ्या पायरीवर उजव्या बुटाचा. काकांना आधी कळलंच नाही. माइकपाशी पोहोचले तेव्हा वरून बूट होते आणि खालून मोजे. सगळी शाळा चिडीचूप. मग सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी पायऱ्यांवरचे दोन्ही तळ उचलले आणि काय करावं ते न सुचून, शाल-श्रीफळ देतात तसे दोन्ही हातांनी अध्यक्षांना नेऊन दिले. त्यानंतर जी हसण्याची लाट आली ती मागच्या रांगेपर्यंत गेली. अध्यक्षीय भाषण त्या वर्षी झालं नाही.

मी हसले. इतक्या वर्षांत या गाड्यांपायी पहिल्यांदा मी पोट धरून हसले. विनोद तर पाना खाली टाकून खाली बसला. काकू तेवढ्या शांत होत्या. मग मला एकदम काकांची दया आली. टपरीवर ते अजून पाठ करूनच बसले होते, पायात रोजची झिजलेली चप्पल. मी डोळे पुसत विचारलं, पण काकू, एवढ्या गर्दीतून, सगळ्या गावासमोरून काका घरी कसे आले? अनवाणी?

काकूंनी कप खाली ठेवला.

"अनवाणी कायले? त्यायची रोजची चप्पल होती ना माह्या पिशवीत."